अमेरिकन नर्सिंग होमचे मेडिकेअर बिलिंग: या चुका टाळा

अमेरिकेतील नर्सिंग होमची (वृद्ध आणि आजारी माणसांना ठेवून शुश्रूषा व थेरपी देणाऱ्या केंद्रांची) मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची, बिले पुण्यात किंवा नवी मुंबईत नाइट शिफ्टला बसून तयार करणाऱ्यांमध्ये दरवर्षी नव्या मुलामुलींची भर पडते आणि दरवर्षी त्याच चुका नव्याने होतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून थेरपीच्या मिनिटांवर दर ठरवण्याची जुनी पद्धत बंद झाली आणि पेशंटच्या प्रकृतीवरून दर ठरवणारी पीडीपीएम पद्धत आली. एमडीएस असेसमेंट म्हणजे पेशंटच्या प्रकृतीची ठरावीक नमुन्यात भरायची तपासणी; तिच्यातील नोंदींवर त्या पेशंटचे पैसेही ठरतात आणि नर्सिंग होमची गुणवत्ताही मोजली जाते. तरीही सॉफ्टवेअरने लाल खूण दाखवली नाही म्हणजे काम झाले, असे नवशिके मानतात. माझा सर्वांत मोठा आक्षेप या समजुतीला आहे.

तिचे सर्वांत महागडे रूप म्हणजे माहिती मिळाली नाही की रकान्यात डॅश टाकून मोकळे होणे. डॅश टाकलेली असेसमेंट स्वीकारली जाते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण क्वालिटी रिपोर्टिंगच्या, म्हणजे नर्सिंग होमने मेडिकेअरला द्यायच्या गुणवत्तेच्या माहितीच्या, हिशेबात डॅश म्हणजे माहिती दिलीच नाही. पूर्वी ८० टक्के असेसमेंट पूर्ण असल्या तरी चालत असे. २०२४ या कॅलेंडर वर्षाच्या माहितीपासून ही मर्यादा ९० टक्के झाली आणि तिच्या खाली गेलेल्या नर्सिंग होमच्या वार्षिक दरवाढीतून २ टक्के कापले जातात. दरवाढ ३ टक्के असेल, तर हाती १ टक्काच येतो, आणि तोही सबंध आर्थिक वर्षभर, मेडिकेअर पार्ट एच्या (हॉस्पिटल आणि त्यानंतरच्या नर्सिंग होमचा खर्च देणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पेशंटसाठी.

एका नर्सिंग होमचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आधीच्या एजन्सीने भरलेल्या फायली मी स्वतः उघडून पाहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी दाखल झालेल्या पेशंटच्या असेसमेंटमधील जीजी सेक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या हालचालींना किती मदत लागते याच्या भागात, ओळीने डॅश होते. ही नोंद पहिल्या तीन दिवसांच्या निरीक्षणावर करायची असते आणि थेरपिस्ट सोमवारी येणार, म्हणून भरणाऱ्याने तो भाग सोडून दिला होता. प्रत्यक्षात शनिवारच्या नर्सिंग नोटमध्ये स्वच्छ लिहिले होते की, आजींना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसे लागली. दोन माणसांची मदत म्हणजे कोड ०१, पूर्ण परावलंबी. उत्तर फाइलमध्येच होते. ते वाचायला कोणी थांबले नव्हते. तिमाही संपल्यानंतर दुरुस्तीसाठी सुमारे साडेचार महिने मिळतात, पण तीही मुदत उलटून गेलेली होती. पुढे कपातीचे पत्र आले, तीस दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज गेला, तो नामंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून कपात लागू झाली. ज्या नर्सनी ती नोट काळजीपूर्वक लिहिली, त्यांच्या कामाची ही किंमत झाली, याचा मला आजही राग येतो.

यावर माझी सवय साधी आहे. डॅश दिसला की मी आधी नर्सिंग नोट वाचते, मग नर्सिंग होममधील एमडीएस कोऑर्डिनेटरला फोन करते. पेशंटने नकार दिला असेल तर ०७, ती कृती तो आजारपणापूर्वीही करत नसेल तर ०९, साधन किंवा जागा नसल्यामुळे करता आली नसेल तर १० आणि प्रकृती किंवा सुरक्षिततेमुळे टाळली असेल तर ८८, असे कोड दिलेलेच आहेत. मेल पाठवून उत्तराची वाट पाहत बसणे मला मान्य नाही. शिवाय असेसमेंट पाठवल्यावर येणारा व्हॅलिडेशन रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण कपातीचा इशारा त्यात असतो.

दुसरी चूक मुख्य निदानाची. जुन्या पद्धतीत रुळलेली माणसे अजूनही एम६२.८१, म्हणजे सर्वसाधारण स्नायूदौर्बल्य, हे मुख्य निदान म्हणून लिहितात. पीडीपीएममध्ये हा कोड कोणत्याही क्लिनिकल गटात बसत नाही. सॉफ्टवेअरने तो परत पाठवला की घाईतला नवशिका ‘चालणारा’ कोड शोधू लागतो, आणि हा शॉर्टकट धोक्याचा आहे. डॉक्टरांनी न लिहिलेले निदान लावणे म्हणजे सरकारकडे खोटा क्लेम करणे होय. हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर वाचा, पेशंट नेमका कशासाठी आला हे समजून घ्या आणि शंका असेल तर डॉक्टरांना लेखी विचारा. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली असेल, तर अलीकडच्या शस्त्रक्रियेची नोंद असेसमेंटच्या जे२१०० रकान्यात केली आहे ना, हेही पाहा. ती राहिली तर पेशंट चुकीच्या गटात जातो.

पेशंट मध्येच हॉस्पिटलमध्ये जाऊन परत आला की नवा मुक्काम धरून मोकळे होऊ नका. सोमवारी गेलेला पेशंट बुधवारी मध्यरात्रीपूर्वी त्याच नर्सिंग होममध्ये परतला, तर जुनाच मुक्काम पुढे चालतो. औषधे आणि इतर खर्चाच्या घटकाला पहिल्या तीन दिवसांपुरता तिप्पट दर असतो. दिवस पुन्हा एकपासून मोजले, तर तो दुसऱ्यांदा लागतो आणि पुढे वसुली निघते.

नर्सिंग होमचे पैसे मिळायला पेशंट आधी तीन दिवस हॉस्पिटलमध्ये इनपेशंट म्हणून दाखल असावा लागतो; रीतसर दाखल न करता नुसत्या ऑब्झर्वेशनखाली काढलेली रात्र त्या अटीत धरू नका. मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत मेडिकेअर घेणाऱ्या, पेशंटला मूळ मेडिकेअरचे नियम डोळे मिटून लावू नका; तिथे आधी प्लॅनची मंजुरी तपासा.

शेवटची चूक बातमीवरून नियम ठरवण्याची. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तास नर्सिंग सेवा देण्याचा नियम जाहीर झाला, एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायालयाने त्याचा मुख्य भाग रद्द केला आणि त्याच वर्षीच्या जुलैमधील कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. यावरून स्टाफिंगचा विषयच संपला, असे अनेकांनी धरले. पण ऑक्टोबर २०२५ पासून, मेडिकेअरने बिलांच्या रकमेतून राखून ठेवलेल्या २ टक्क्यांपैकी (हे वरच्या कपातीपेक्षा वेगळे) किती परत मिळणार हे ठरवणाऱ्या चार निकषांमध्ये एकूण नर्सिंग स्टाफ आणि स्टाफची गळती हे दोन निकष आहेत. स्टाफच्या कामाच्या तासांची माहिती तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत पाठवावी लागते आणि त्यानंतर आलेली माहिती स्वीकारली जात नाही.