नेरुळच्या गेटवर शिकलेलं काम : फुटबॉल स्पर्धेच्या तयारीत उतरू पाहणाऱ्यांसाठी

६ ऑक्टोबर २०१७. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर संध्याकाळी पाचला न्यूझीलंड विरुद्ध तुर्कस्तान आणि आठला पॅराग्वे विरुद्ध माली. फिफाची स्पर्धा भारतात पहिल्यांदाच होत होती, १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक. पहिला सामना १-१, दुसरा ३-२. त्या रात्री सात गोल झाले आणि मी स्टेडियममध्ये असून एकही पाहिला नाही. मैदानाकडे पाठ करून मी एका गेटवर उभी होते. आत ओरडा झाला की रांगेतले लोक विचारायचे, "कोणाचा गोल?" आणि मलाही तो मागच्या लोकांकडूनच कळायचा.

पुढे २०२२ मध्ये मी याच स्टेडियमवर दोन स्पर्धांसाठी पगारी काम केलं. आता कॉलेजातली मुलंमुली विचारतात, "ताई, वर्ल्ड कपला काम कसं मिळतं?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

अर्ज भरताना कामाचा विभाग निवडायला सांगतात. बहुतेकांना संघासोबतचं काम हवं असतं, नाहीतर खेळाडू पत्रकारांशी बोलतात तो मिक्स्ड झोन. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या वेळी प्रेक्षक सेवा मागा. ती मिळाली नाही तर ॲक्रेडिटेशन, म्हणजे प्रवेशाच्या ओळखपत्रांचं काम, किंवा वर्कफोर्स, म्हणजे स्वयंसेवक आणि कर्मचाऱ्यांची व्यवस्था. संघाबरोबरची व्यक्ती हॉटेल, बस आणि ड्रेसिंग रूम एवढंच पाहते. गेटवरच्या माणसाला अख्खं स्टेडियम कळतं, आणि स्टेडियमला जोडलेलं शहरही.

त्या पहिल्या दिवसाचंच सांगते. एका तिकिटावर दोन सामने होते. आम्हाला वाटलं होतं, साडेचारपर्यंत गर्दी येईल आणि मग गेट शांत होईल. तसं झालं नाही. पाचच्या सामन्याला शाळांची मुलं आणि फुटबॉलवेडी पोरं आली. ऑफिस सुटलेली माणसं सात-साडेसातला यायला लागली. नेमका तोच दोन सामन्यांमधला वेळ. आतले लोक खाण्यासाठी, स्वच्छतागृहासाठी स्टँडमागच्या मार्गिकेत उतरलेले आणि बाहेरून नवे लोक त्याच मार्गिकेत शिरणारे. दोन लोंढे समोरासमोर आले.

आमच्या गेटचे प्रमुख एक निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी आवाज चढवला नाही. दोन पोरांना मार्गिकेच्या मधोमध उभं करून हात पसरायला लावले, येणारे भिंतीच्या बाजूने, जाणारे कठड्याच्या बाजूने. मग मला म्हणाले, "तू ठाण्याहून येतेस ना? मग लोकलचं वेळापत्रक तुला पाठ असेल. लिही." ब्रीफिंगच्या कागदाच्या मागे मी हार्बर आणि ट्रान्स हार्बरच्या गाड्यांच्या नेरुळ-जुईनगरच्या वेळा लिहिल्या. गाडी लागली की थोड्याच वेळात गेटवर लाट येते. पुढच्या सामन्यापासून आम्ही त्या लाटेआधी मेटल डिटेक्टरच्या रांगा रिकाम्या करून ठेवायला लागलो. ज्याला आपल्या शहराच्या लोकलचं, शाळा सुटण्याचं, जेवायच्या वेळेचं गणित येतं, त्याला या कामातलं अर्धं गणित आधीच येत असतं. रविवारी सामना असला तर माझा पहिला प्रश्न आजही मेगाब्लॉकचाच असतो.

दुसरी गोष्ट एका काकांची. पनवेलहून नातवाला घेऊन आले होते. बाटल्या, पॉवर बँक, नाणी यांना मनाई होती आणि काकांच्या पिशवीत इन्शुलिनचं पेन आणि सुया. सुरक्षारक्षक म्हणाला, सुई आत जाणार नाही. तो त्याला दिलेल्या यादीप्रमाणे बरोबर होता. काकाही बरोबर होते. मला कोणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं. वॉकीवर मी तीन वेगवेगळ्या लोकांना विचारलं, तिघांनी चौथ्याचं नाव सांगितलं. शेवटी वैद्यकीय पथकातली डॉक्टर आली आणि दोन मिनिटांत प्रश्न सुटला. पण काका आणि तो मुलगा वीस मिनिटं बाजूला उभे होते आणि सामना सुरू झाला होता. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

त्या रात्री घरी येऊन मी एका पानावर लिहून काढलं : औषध असेल तर कोण, हरवलेलं मूल असेल तर कोण, तिकीट स्कॅन होत नसेल तर कोण, व्हीलचेअर हवी असेल तर कोण. प्रत्येकापुढे वॉकीचा चॅनल. दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी त्याच्या झेरॉक्स काढून सगळ्या गेटना वाटल्या. पाच वर्षांनी पगारी कामाच्या मुलाखतीत मला जे विचारलं, त्याची निम्मी उत्तरं त्या पानावर होती.

आता गवताबद्दल. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे आणि नवीन लोक याकडे फारसं बघतच नाहीत.

२०१७च्या स्पर्धेला सहा शहरं होती : दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि आपली नवी मुंबई. ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना गुवाहाटीला ठरलेला होता. तिथे पावसाने मैदानाची अवस्था बिघडली आणि सामना ऐन वेळी कोलकात्याला हलवला. तिकिटं, विमानं, हॉटेलं, पोलीस बंदोबस्त, प्रसारणाच्या गाड्या, सगळं दोन-तीन दिवसांत दुसऱ्या शहरात. २५ ऑक्टोबरला इंग्लंडने तो ३-१ ने जिंकला. त्याच दिवशी आमच्याकडे स्पेनने मालीला ३-१ ने हरवलं. आमचं मैदान टिकलं याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही, कारण तोपर्यंत मी ते राखणाऱ्या माणसांना ओळखायला लागले होते.

डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं स्टेडियम. मार्च २००८ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथे झाला. क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची, रोलर फिरवून टणक केलेली. फुटबॉलचं मैदान आखलं की ती नेमकी मधल्या भागात येते, जिथे सगळ्यात जास्त पळापळ. तिथे पाणी मुरत नाही, चेंडू वेगळा उसळतो आणि पडलेल्या खेळाडूचे गुडघे सोलतात. म्हणून फुटबॉलआधी तो पट्टा उकरून तिथे वाळूच्या थरावरचं गवत बसवावं लागतं, आणि ते बाकीच्या हिरवळीशी एकजीव व्हायला वेळ द्यावा लागतो. २०२२ साली याच मैदानावर जानेवारी-फेब्रुवारीत महिला आशिया चषक, मार्च ते मे आयपीएल आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. मधे पूर्ण पावसाळा. मैदानावरचे एक काका रोज सकाळी लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसून बघायचे, कुठे सहज जातो आणि कुठे अडतो. अडला की तिथे दगडी चुना टाकून खूण. मी विचारलं, यंत्र नाही का? म्हणाले, "यंत्र आहे की. पण ते मला सांगतं, मी जमिनीला विचारतो."

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २०२६चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या १६ शहरांत, ४८ संघ, १०४ सामने. त्यातल्या आठ स्टेडियममध्ये एरवी कृत्रिम टर्फ असतं आणि फिफाला खरं गवत लागतं. काही स्टेडियमना छप्पर आहे, तिथे ऊन पोचत नाही, म्हणून दिव्यांखाली गवत जगवायचं. यासाठी टेनेसी आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांतल्या गवताच्या अभ्यासकांना बरोबर घेतलं गेलं. २०२४च्या कोपा अमेरिकेत, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या मोठ्या स्पर्धेत, अटलांटात टर्फवर तात्पुरतं गवत अंथरलं होतं, तेव्हा अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी सामना जिंकूनही मैदानावर उघडपणे नाराज झाले होते. कृषी शाखेचे विद्यार्थी हे वाचत असतील तर माझी कळकळीची विनंती आहे, या क्षेत्राकडे बघा. दापोली किंवा राहुरीला शिकलेल्या पोरांना हे काम जमण्यासारखं आहे आणि आपल्याकडे त्यातली माणसं फार थोडी आहेत.

सरावाची मैदानं हा आणखी एक न दिसणारा भाग. स्टेडियम एक असतं, पण त्या शहरात चार संघ उतरले की प्रत्येकाला रोज सरावाला चांगली हिरवळ, दिवे, कपडे बदलायची खोली आणि बंद फाटक हवं. ते महापालिका, शाळा, संस्था यांच्याशी बोलून उभं राहतं. तिथे मराठीत पत्र लिहिता येणं, वॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलवर जायचं ते ठाऊक असणं, याला खूप किंमत आहे.

पैशांचं थोडक्यात. स्वयंसेवकाला पगार नसतो. गणवेश, जेवण, प्रमाणपत्र मिळतं. पगारी काम बहुधा काही महिन्यांच्या करारावर असतं आणि पुष्कळदा मधल्या एजन्सीमार्फत. एका एजन्सीने माझे शेवटच्या महिन्याचे पैसे चार महिने अडकवले होते. माझ्याकडे नेमणुकीचं पत्र होतं म्हणून ते मिळाले. माझ्यासोबतच्या एका मुलीकडे फक्त व्हॉट्सॲपवरचे मेसेज होते, तिचे बुडाले. पत्र हातात आल्याशिवाय पहिला दिवसही भरू नका.

अनिश्चितता मात्र या कामाला चिकटलेलीच आहे. २३ जानेवारी २०२२ ला महिला आशिया चषकात भारताचा सामना चायनीज तैपेईशी होता, नेरुळलाच. बायो-बबल, मास्क, चाचण्या, सगळं करून आम्ही तयार होतो. दिवे लागले होते, जाळ्या बांधून झाल्या होत्या. आपल्या संघात इतक्या जणींना करोना झाला की खेळायला नियमाने लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. सामना झाला नाही आणि भारत स्पर्धेतून बाहेर गेला. स्वतःच्या घरी भरलेल्या स्पर्धेतून. त्या मुलींसाठी आमच्यातले कितीतरी जण रडले. पण पुढचे सामने होतेच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर. त्याच वर्षी ऑगस्टच्या मध्यावर फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. मुलींचा विश्वचषक दोन महिन्यांवर, आणि तो होणार की नाही हेच कळेना. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. ते दहा-बारा दिवस आम्ही याद्या तयारच करत राहिलो. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय या कामात पूर्णवेळ उडी घेऊ नका, असं मी म्हणते ते यामुळे.

सुरुवात कुठे करायची? मोठ्या स्पर्धेची वाट बघू नका. कूपरेजवर, वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा टर्फवर, अंधेरीच्या क्रीडा संकुलात वर्षभर सामने होतात. नेव्हिल डिसोझा म्हणजे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारे आपल्या मुंबईचे फुटबॉलपटू. त्यांच्या नावाच्या मैदानावर स्थानिक लीगच्या सामन्याला जाऊन आयोजकांना विचारा, "काही मदत हवी का?" पाण्याचे क्रेट उचला, स्कोअरशीट भरा, रुग्णवाहिका कुठे उभी आहे ते बघा. असे दहा सामने केलेला माणूस मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

पासपोर्ट काढून ठेवा, आणि त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळू दे. ॲक्रेडिटेशन कार्ड अडकतं ते बहुतेक वेळा मधल्या नावापायी. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, लग्नानंतर आडनाव बदलतं. हे आधीच निस्तरा. परदेशातल्या स्पर्धांना स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर प्रवास आणि राहण्याचा खर्च साधारणपणे स्वतःचा असतो. फिफा स्वयंसेवकाच्या अर्जासाठी पैसे घेत नाही. कोणी मागितले तर तो फसवतो आहे. २०३०चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये, २०३४चा सौदी अरेबियात. आखातात आपली माणसं आधीपासून आहेत, त्यामुळे सौदीतल्या तयारीकडे आत्तापासून लक्ष असू द्या.

आणि चांगले बूट. दिवसाला वीस-पंचवीस हजार पावलं होतात.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध कोलंबिया. मी तेव्हा गेटवर नव्हते, चार गेटची जबाबदारी माझ्याकडे होती. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच बचावपटूकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं. हा गोल मी पाहिला, मार्गिकेच्या तोंडाशी उभी राहून. लगेच वॉकीवर सांगितलं, बाहेरची फाटकं उघडा. कारण सामना संपल्यावर फाटक उघडणं म्हणजे उशीर.

रात्री उशिरा स्टँड रिकामे झाल्यावर आम्ही दिशादर्शक फलक काढत होतो. मैदानात काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मध्यरेषेजवळ वाकलेले. डिसेंबरमध्ये तिथे भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-२० सामने होते. खेळपट्टी परत बसवायची होती. मी जाऊन विचारलं, कधीपासून लागणार कामाला? ते म्हणाले, "लागलोय."