नेट चालत नाही, म्हणजे नेमकं काय चालत नाही?

पुण्यात हिंजवडीला, खराडीला किंवा मगरपट्ट्यात लिनक्स सपोर्टच्या पहिल्या नोकरीसाठी गेलात, तर एक प्रश्न बहुतेक वेळा येतोच: "युजर म्हणतोय साइट उघडत नाही. तुम्ही काय बघाल?" मी आता प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसतो, आणि निम्म्याहून जास्त मुलं "राउटर रीस्टार्ट करायला सांगेन" इथेच थांबतात. त्याने नेट येईलही. पण का आलं ते कळणार नाही, आणि आलंच नाही तर पुढची पायरी हातात नसेल.

हे शिकायला महागडी लॅब लागत नाही. कर्वेनगर, नऱ्हे, धनकवडी अशा ठिकाणी कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांचा फ्लॅट, एक फायबर कनेक्शन, त्याच्यापुढे कुणीतरी जोडलेला स्वतःचा राउटर आणि सेकंडहँड लॅपटॉपवर टाकलेलं उबुंटू किंवा मिंट यांपैकी एखादं लिनक्स, एवढं पुरे. त्यातून अभ्यासक्रमातले बरेचसे दोष आपोआप तयार होतात. मीही असंच शिकलो. खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या.

आधी दोष कुठवर आहे ते बघायचं. "आयपी ए" चालवा. कार्डाचं नाव दिसतं का? नावच नसेल तर राउटरकडे बघायचं कारण नाही, प्रश्न हार्डवेअरचा किंवा ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आहे. नाव आहे पण तारेच्या कार्डाशेजारी "नो कॅरिअर" लिहिलंय, तर केबल किंवा पोर्ट. केबल ठीक आहे पण १९२.१६८ वगैरे पत्ताच नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आहे, तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणजे दोष पत्ते वाटणाऱ्या सेवेत, डीएचसीपीत. पत्ता मिळालाय, तर "आयपी आर" मध्ये "डीफॉल्ट" ने सुरू होणारी ओळ बघा. त्यातला पत्ता तुमचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार. त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. मग बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तेही चाललं आणि तरी साइटचं नाव उघडत नसेल, तर राहिला डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. "रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस" ने कुठल्या सर्व्हरला नावं विचारली जातायत ते कळतं. रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसलं म्हणून बिचकू नका. उबुंटूत ते तसंच असतं; तो तुमच्याच मशीनवरचा मधला दलाल आहे.

एक सावधगिरी. काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा "आयपी नेबर" बघा. गेटवेच्या पुढे मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसला, तर राउटर जिवंत आहे.

इथवर कुठलंही पुस्तक सांगतं. माझं म्हणणं पुढे आहे. घरातला चिवट दोष, जो कधी असतो, कधी नसतो आणि रीस्टार्ट केला की तासभर जातो, तो बहुतेक वेळा काही तुटल्यामुळे नसतो. एकाच गोष्टीवर दोघांनी हक्क सांगितलेला असतो. सोसायटीत एकच पार्किंग दोन फ्लॅटना विकलेलं असावं, तसं: जो आधी घरी येतो त्याची गाडी लागते, आणि दुसरा म्हणतो काल तर जागा होती. म्हणून असा दोष दिसला की माझा प्रश्न एकच असतो: ही वस्तू आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, आणि आणखी कोण मागतंय?

पत्त्यापासून सुरुवात करू. फायबरवाला जो डबा भिंतीवर लावून जातो तो स्वतःच राउटर असतो, आणि त्याचा पत्ता बरेचदा १९२.१६८.१.१ असतो. तुम्ही विकत आणलेला राउटरही पुष्कळदा तोच पत्ता घेऊन जन्माला येतो. आता तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरच्या बाजूलाही, १९२.१६८.१ चं जाळं आणि आतल्या बाजूलाही तेच. डेटाचं पाकीट आत पाठवायचं की बाहेर, हे राउटरने ठरवायचं कसं? काही राउटर हुशारीने स्वतःचा पत्ता बदलतात, काही नुसतेच गप्प बसतात. उपाय दोन. एक, तुमच्या राउटरची आतली बाजू १९२.१६८.५०.१ वर न्या. दोन, आणि फ्लॅटसाठी मला हाच आवडतो: राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय देणारा डबा, करून टाका. आधी त्याला त्या जाळ्यातला वेगळा, रिकामा पत्ता द्या, मग त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या बाजूच्या पोर्टमध्ये, लावा. डीएचसीपी बंद करायचं विसरलात, तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन घेतं. म्हणून एकाच खोलीत एका मुलाचं नेट चालतं आणि दुसऱ्याचं नाही.

प्रिंटरला किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला हाताने पत्ता देणं हा दुसरा प्रकार. राउटर समजा पत्त्याच्या शेवटी १०० ते २०० हे आकडे वाटतो, आणि तुम्ही प्रिंटरला १२० दिला. प्रिंटर बंद असताना तो १२० कुणाच्या तरी मोबाइलला जातो. मग प्रिंटर चालू होतो आणि दोघंही अडकतात. ओळखायचं असं: "आयपी नेबर" थोड्या थोड्या वेळाने चालवा, एकाच पत्त्यापुढचा मॅक बदलत असेल, तर पत्त्याला मालक दोन आहेत. "आर्पपिंग" ला डॅश मोठा डी दिला की तो पत्ता आधीच कोणी वापरतंय का तेही कळतं. पत्ता हाताने न देता राउटरच्या पानावर त्या मॅकसाठी राखून ठेवावा, म्हणजे भांडणच उरत नाही.

तिसरा प्रकार घरून काम करणाऱ्यांना छळतो. ऑफिसचं जाळं १९२.१६८.१ आणि घरचंही तेच असेल, तर व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या जाळ्यात जायचा बोगदा, जोडल्याचं दिसतं, पण ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही. मशीन तो घरातच शोधत बसतं. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डॉकर स्वतःसाठी मुळात १७२.१७ चं जाळं घेतो. कॉलेजचं किंवा कंपनीचं जाळं त्याच आकड्यांत असेल, तर डॉकर टाकल्या दिवसापासून तिथली अंतर्गत पानं उघडत नाहीत, आणि डॉकरवर संशय कुणालाच येत नाही. "आयपी आर" मध्ये ते जाळं कोणाच्या नावावर आहे ते स्वच्छ लिहिलेलं असतं. खासगी वापरासाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ एवढेच गट राखलेले आहेत, त्यामुळे अशा टकरी होणारच.

आता हार्डवेअर. जुन्या आयएसए कार्डांच्या काळात "कॉन्फ्लिक्ट" म्हणजे आयआरक्यूचा, कार्ड ज्या लाइनवरून प्रोसेसरला हाक मारतं तिचा. साउंड कार्डलाही ५ नंबरची लाइन हवी आणि नेटवर्क कार्डलाही. मग कार्डावरचे जंपर हलवत बसायचं. पीसीआय आल्यावर लाइन वाटून घेता यायला लागली आणि तो त्रास जवळपास संपला. "प्रॉक" मधली "इंटरप्ट्स" फाइल एकदा उघडून बघावी, पण आज तिथे दोष सापडण्याची शक्यता फार कमी. जुन्या मंडळींनी आयआरक्यूची गोष्ट सुरू केली तर ऐकून घ्या. तुमच्या लॅपटॉपला लावू नका.

आजचं भांडण ड्रायव्हरचं असतं; लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो मॉड्यूल म्हणून चढतो. "एलएसपीसीआय" ला डॅश एनएनके देऊन चालवा. प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी येतात: "कर्नल ड्रायव्हर इन यूज" म्हणजे आत्ता ताबा कोणाचा, आणि "कर्नल मॉड्यूल्स" म्हणजे आणखी कोण मागू शकतं. नवख्या माणसाने मला फक्त या दोन ओळी दाखवल्या, तरी माझं बरंच काम होतं. जुन्या लॅपटॉपमधल्या काही ब्रॉडकॉम वायफाय कार्डांना बी४३, बीआरसीएमएसमॅक आणि कंपनीचा बंदिस्त डब्ल्यूएल असे एकाहून जास्त दावेदार असतात. चुकीचा आधी चढला तर कार्ड दिसतं, पण एकही वायफाय दिसत नाही. नको असलेल्याला "ईटीसी" मधल्या "मॉडप्रोब.डी" फोल्डरात ब्लॅकलिस्ट करायचं, म्हणजे तो आपोआप चढणार नाही असं लिहून ठेवायचं. मात्र आधी "मॉडप्रोब डॅश आर" ने तो हाताने उतरवून, दुसरा चढवून बघा. चाललं तरच फाइलमध्ये लिहा.

ड्रायव्हर बरोबर आहे आणि तरी चढत नाही, तर सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षा आठवा. ते चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. "डीमेसेज" मध्ये त्याची ओळ येते, पण ती वाचायचा त्रास कुणी घेत नाही. कर्नल अपडेट झाल्यावरच वायफाय गेलं असेल, तर त्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधला गेलाय का ते "डीकेएमएस स्टेटस" ने बघा. बहुतेकदा त्या कर्नलच्या हेडर फाइल्स (बांधणीला लागणारा कच्चा माल) नसल्यामुळे बांधणी अडलेली असते. आणि हे सगळं करण्याआधी "आरएफकिल" चालवून बघा. "हार्ड" पुढे "ब्लॉक्ड" आलं, तर बहुधा लॅपटॉपचं वायफायचं बटण बंद आहे.

एकाच कार्डावर दोन सेवा हाही प्रकार भेटतो. उबुंटू सर्व्हर टाकून त्यावर नंतर डेस्कटॉप चढवलं की सिस्टिमडी-नेटवर्कडी आणि नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या दोन सेवा, दोघंही तेच कार्ड सांभाळायला जाऊ शकतात. एकाच कार्डावर दोन आयपी दिसले, की आधी हे तपासा. कुठला ठेवायचा यावर वाद घालू नका. लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजर, बाकीचं त्या कार्डापुरतं बंद.

यूएसबी डोंगलची तऱ्हा वेगळी. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून समोर येतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. "एलएसयूएसबी" मध्ये वायफायऐवजी सीडी दिसली, तर डोंगल मेलेला नाही. "यूएसबी मोडस्विच" ने त्याचं रूप बदलावं लागतं. कधी नुसतं "इजेक्ट" केलं तरी पुरतं.

आता मला सगळ्यात आवडणारं भांडण, कारण ते कुठल्याच लॉगमध्ये नीट सापडत नाही. वायफाय उत्तम चालतंय. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, कॉपी सुरू केली, की वेग कोसळतो. यूएसबी ३ ची केबल आणि पोर्ट जो रेडिओ गोंगाट करतात तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि डोंगल शेजारच्याच पोर्टमध्ये बसलेला असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर पेपर काढला होता. ड्रायव्हर दहा वेळा बदलून इथे काही होणार नाही. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने लांब न्या, यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. तसाही आपल्या अपार्टमेंटमध्ये २.४ चा पट्टा शेजाऱ्यांनी भरलेला असतो. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल १, ६ आणि ११ एवढीच. कोणी ३ वर बसला, तर १ आणि ६ दोन्हीवाल्यांना त्रास. ५ गिगाहर्ट्झला भिंती मात्र सोसत नाहीत. जुन्या पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात सरळ केबल ओढा.

केबल ओढलीत तर "इथटूल" ने वेग बघा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असून १०० दिसत असेल, तर कनेक्टरवर संशय घ्या. १०० मेगाबिटला आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. उरलेल्या चारांपैकी एक तार नीट क्रिंप झाली नाही, म्हणजे कनेक्टरमध्ये दाबून बसली नाही, की नेट चालतं, पण दहापट हळू, आणि तक्रार जाते फायबरवाल्याकडे. क्रिंपिंगचं हत्यार आणि कनेक्टरची पिशवी तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या आसपास मिळते. पहिले काही कनेक्टर वाया जातील असं धरूनच घ्या. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी: हा क्रम हाताला बसला पाहिजे.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाऊन परत आली की वेगळीच गंमत होते. मशीन आधी उठतं, फायबरचा डबा मागून. पत्ता मागितला तेव्हा द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मशीन पत्त्याविना बसून राहतं. "एनएमसीएलआय" या नेटवर्कमॅनेजरच्या कमांडने कनेक्शन खाली-वर केलं की झालं. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक बघा: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल, तर लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि ते नेटवरून दुरुस्त होईपर्यंत ब्राउझर सर्टिफिकेटच्या, म्हणजे साइटच्या तारखा घातलेल्या ओळखपत्राच्या, तक्रारी करतो. पिंग चालतं, साइट उघडत नाहीत. "टाइमडेटसीटीएल" ने लगेच कळतं. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल ठीक आहे. विंडोज आणि लिनक्स शेजारी टाकलेत ना? विंडोज बोर्डावरची वेळ स्थानिक मानतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. घड्याळावर मालक दोन. ड्युअल बूट असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते मशीन पूर्ण बंद करत नाही, आणि काही नेटवर्क कार्ड लिनक्सला अर्धवट झोपेत मिळतात.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: काय बदललं, आधी काय दिसत होतं, नंतर काय. कुठूनतरी सुडोवाली, म्हणजे पूर्ण अधिकाराने चालणारी, ओळ उचलून चिकटवायची असेल, तर आधी ती कमांड "मॅन" या मदतपुस्तिकेत वाचा. नोकरीत तुमच्याकडून तिकिटावर हेच अपेक्षित असतं, आणि ज्याच्या नोंदी नीट त्याला रात्रीच्या शिफ्टला दुसऱ्याने फोन करून उठवावं लागत नाही.

मदत मागताना "वायफाय चालत नाही, अर्जंट" असं लिहिलंत तर कोणी वळूनही बघणार नाही. "यूनेम डॅश आर" ने कर्नलची आवृत्ती, कार्डाच्या त्या दोन ओळी त्याच्या कंसातल्या आयडीसकट, "आयपी ए" आणि "आयपी आर", आणि "जर्नलसीटीएल डॅश बी" मधल्या नेटवर्कमॅनेजरच्या शेवटच्या काही ओळी द्या. फोटो काढून नको, मजकूर कॉपी करून. आयडी शोधता आला पाहिजे. वायफायचं नाव आणि बाहेरचा आयपी तेवढा त्यातून खोडा. १९२.१६८ वाला खोडू नका, तो सगळ्यांच्याच घरात असतो आणि दोष बहुधा त्याच्यातच असतो.