किमान वेतन देताना या चुका टाळा

जानेवारी आणि जुलै उजाडला की फोन सुरू होतात, ‘साहेब, नवीन रेटचं पीडीएफ पाठवा ना.’ पाठवतो. पण त्यातला पहिला आकडा बघून लोक फाइल बंद करतात. तो असतो मूळ दर, वर्षानुवर्षं तसाच. खरं वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता, आणि हा भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. शिवाय उद्योग, परिमंडळ (म्हणजे कारखाना कुठल्या भागात येतो ते), कुशल की अकुशल, हे बघावंच लागतं. शेजारच्या शेडवाल्याला विचारून पगार काढू नका. बहुतेक वेळा त्याचंही चुकलेलंच असतं.

तीसने भागाकार बघितला की माझं डोकंच फिरतं. रोजचा दर काढताना मासिक किमान वेतनाला २६ ने भागायचं, कारण साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो. समजा महिन्याचे १३,००० होतात. २६ ने भागून रोज ५००, तीसने ४३३. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याचे सतराशेच्या वर गायब! ‘सॉफ्टवेअरच तसं काढतं’ म्हणे. सॉफ्टवेअरमध्ये ३० घातले कोणी? दर बदलला की मी एका माणसाचा पगार कागदावर काढतो आणि स्क्रीनशी ताडतो. जुळल्याशिवाय बँकेची फाइल जात नाही. नव्या अकाउंटंट पोरांना हा टाइमपास वाटतो. वाटू दे.

ओव्हरटाइम दुप्पट दरानेच. मालकाच्या हिश्शाचा पीएफ किमान वेतनात बसवायचा नाही. ‘मी कमी पगारात राजी आहे’ असं लिहून घ्याल, तर स्टॅम्पपेपरचे पैसे वाया; तसा करार मुळातच रद्दबातल. आणि ‘परवडत नाही’ कुठेच चालत नाही. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारीच.

आता ‘परत’. बँकेत पूर्ण पगार टाकायचा आणि मागाहून रोखीने काही हजार काढून घ्यायचे. याला हुशारी समजणारे मालक मी पाहिलेत. एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये लोडिंगची माणसं ठेकेदाराची होती. मस्टर म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, स्लिपा, कागद अगदी चोख. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस गेटजवळ वही घेऊन बसायचा. नाव, रक्कम, पुढे टिक. एका पोराने त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि पासबुकाच्या झेरॉक्स जोडून तक्रार ठोकली. सगळ्यांच्या पासबुकात दर महिन्याला त्याच तारखेला तेवढीच रक्कम एटीएममधून निघालेली. मालक म्हणाले, ‘माझा काय संबंध? ठेकेदाराला विचारा.’ ठेकेदाराचा फोन तोवर बंद. ठेकेदाराने मजुरी बुडवली की ती मूळ मालकाला भरावी लागते, त्यामुळे फरक शेवटी मालकांच्याच खिशातून गेला.

म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मी त्याच्या दोघा-तिघांना टपरीवर चहा पाजतो, सुपरवायझर आसपास नसताना. ‘हातात किती राहतात?’ एवढंच विचारतो. आणि किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) यांची बेरीजच ज्या कोटेशनमध्ये बसत नाही, ते तिथल्या तिथे परत. स्वस्तात माणसं मिळाली म्हणून खूश होणाऱ्यांना ही बेरीज करायला पाच मिनिटं नसतात. सुनावणीच्या तारखांना हजर राहायला मात्र दिवसच्या दिवस असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता हा पगाराचा नवा कायदा लागू झाला आहे. पूर्वी किमान वेतन अनुसूचीतल्या उद्योगांपुरतं होतं, आता सगळ्यांना आहे. दावा करायची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली, आणि फरकाच्या वर दहापटीपर्यंत भरपाई बसू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायचं काम मालकाचं. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत जुनी मस्टरं रद्दीवाल्याला देऊ नका.