देवाच्या दयाळूपणावर शंका घ्यायची ती कशी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली, तेव्हा तिथली माणसे आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. ज्याला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून निरोप दिला त्याने काही तासांतच हे कसे होऊ दिले, असे विचारणाऱ्याला पाखंडी ठरवून गप्प बसवणे सोपे असते. मला तो प्रश्न पवित्र वाटतो, आणि म्हणूनच तो त्राग्याने टाकून न देता शेवटपर्यंत नेटाने विचारावा असे वाटते.

आपली शंका नेमकी कोणत्या देवावर आहे, हे सर्वांत आधी ठरवावे. जैन मतात जगाचा कर्ता ईश्वरच नाही, त्यामुळे तिथे हा आरोप कोणावर ठेवायचा हा प्रश्न उरत नाही. पेच पडतो तो एकाच देवाला सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू मानले की. त्याला दुःख दिसते, ते टाळण्याची ताकद त्याच्यात आहे आणि टाळण्याची इच्छाही आहे, तर मग दुःख उरते कसे? या तिन्हींपैकी कोणती गोष्ट सोडायला आपले मन तयार आहे, ते कागदावर लिहून पाहावे. माझा अनुभव असा, की बहुतेकांना सामर्थ्य सोडणे जमते, दया सोडणे जमत नाही.

त्यानंतर दुःखाची फोड करावी. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि माळवदाचे ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले. तसल्या घरांऐवजी भूकंपाला टिकणारी घरे असती, तर त्याच धक्क्यात कितीतरी जीव वाचले असते. एवढा हिशेब माणसांच्या गरिबीकडे आणि व्यवस्थेकडे मांडावा, तो देवाच्या माथी मारू नये. तो वजा केल्यावरही जमीन हलली हे उरतेच, आणि ती कोणा माणसाच्या दुष्टपणामुळे हललेली नसते. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले म्हणून जगात दुःख आहे, हे उत्तर इथे लंगडे पडते.

आता परंपरेने दिलेली उत्तरे एकेक करून तपासावीत, आणि तपासताना त्यांची सर्वांत भक्कम मांडणी समोर घ्यावी. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, असे दोन आरोप स्पष्ट शब्दांत मांडलेले आहेत. आपली शंका आधुनिक शिक्षणाने बिघडलेल्या डोक्यातून आलेली नाही, याचा हा पुरावा. शंकराचार्यांचे उत्तर असे, की पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, भात किंवा जव उगवतो तो बीजाच्या भेदामुळे, आणि तसाच सुखदुःखातला भेद ज्याच्या त्याच्या कर्मामुळे होतो. पहिले कर्म कुठून आले, असे विचारले तर संसार अनादि आहे, असे ते सांगतात. युक्तिवाद म्हणून हे बांधीव आहे. परंतु ढिगाऱ्यातून काढलेल्या तान्ह्या मुलाला ज्या अपराधाची आठवणही नाही त्याची शिक्षा देणाऱ्याला न्यायी म्हणता येईल, दयाळू कसे म्हणावे, याचे उत्तर त्यातून मला मिळालेले नाही.

दुःखाला दैवी शिक्षा मानण्याबाबत तर फार सावध असावे. जानेवारी १९३४ मधील बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, आणि त्यांच्याविषयी नितांत आदर असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. हेतू कितीही उदात्त असला, तरी भूकंप पापी आणि निष्पाप अशी निवड करत नाही. दुःखाने माणूस घडतो, या उत्तरासाठी कुंतीचा दाखला देतात, कारण तिने कृष्णाकडे विपत्तीच मागितली होती. तो दाखला हृद्य आहे खरा. पण तिने ती आपण होऊन मागितली होती. दुसऱ्याच्या लेकराच्या मरणात त्या आईचे भले शोधण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही.

प्रत्येक उत्तराला लावायची कसोटी मी एका घरात शिकलो. आठ वर्षांचा मुलगा तापाने गेला होता, आणि भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला’ ही श्रद्धांजलीच्या फलकांवर दिसणारी ओळ म्हटली. त्या माउलीने काहीच उत्तर दिले नाही. ती उठली आणि देव्हाऱ्यातली गणपतीची तसबीर तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली. दिवेलागणीला तिच्या सासूबाईंनी ती हलक्या हाताने पुन्हा सरळ केली. दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. जे उत्तर त्या दोघींसमोर उच्चारण्याचे धाडस होणार नाही, ते आपल्या वहीत खरे म्हणून लिहू नये. आपली शंकाही सुतकाच्या घरात न्यायची नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

शंका घेतली म्हणजे आपण परके झालो, असे मानण्याचे कारण नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. आपल्या लेखी देव मेला, असेही त्यांनी एका अभंगात म्हटले आहे, आणि वारकऱ्यांनी तो अभंग गाथेतून काढून टाकलेला नाही.

राहता राहिला रोजच्या आचाराचा प्रश्न. दुःख ताजे असताना काहीच कायमचे ठरवू नये. निदान वर्षभर वही चालू ठेवावी, त्यात तारीख घालून लिहावे आणि मत बदलले तर आधीचे खोडू नये. आईने आरतीला बोलावले तर जावे, टाळ वाजवावा, आणि ज्या ओळी मनापासून म्हणवत नाहीत त्या वेळी गप्प राहावे. तिने कारण विचारलेच, तर आरती संपल्यावर, घरात इतर कोणी नसताना, तिच्याजवळ बसून खरे ते सांगावे.