आंबट चेरीचा रस घ्यायचाच असेल तर असा घ्या

केकवरची लाल चेरी आधी डोक्यातून काढा. ते बहुतेकदा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. काश्मीर-हिमाचलातून येणारी चेरी खरी, पण गोड जातीची. व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं आणि झोप यांसाठी चेरीच्या रसाचे बरेचसे प्रयोग झाले ते माँटमोरेन्सी या आंबट जातीवर. अमेरिकेत ती मुख्यतः मिशिगनमध्ये पिकते. म्हणून आपल्याला कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे आटवून घट्ट केलेला रसच, घ्यावा लागतो.

बाटलीवरचं चित्र सोडा, मागची यादी वाचा. तिथे आंबट चेरीखेरीज काही नको. ‘साखर घातलेली नाही’ एवढ्यावर भुलू नका, सफरचंदाचा रस ओतूनही तसं छापता येतं.

मात्रा सोपी: 30 मिली कॉन्सन्ट्रेट, 200 मिली गार पाणी, सकाळी आणि संध्याकाळी. बाटली उघडली की फ्रीजमध्ये.

बहुतेकांचं गणित चुकतं ते वेळेत. धावण्याच्या शर्यतीच्या सकाळी ग्लासभर रस पिऊन काही होत नाही. 2010 साली लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंवर झालेल्या प्रयोगात रस आधीचे पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस दिला होता. त्यांच्या स्नायूंची ताकद लवकर परतली. म्हणजे जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा रविवार धरला, तर सुरुवात आदल्या मंगळवारी आणि शेवट पुढच्या मंगळवारी. आणि पहिला घोट त्या आठवड्यात तर मुळीच नको! चेरीत सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड घटक असतो. काहींचं पोट त्याने गडबडतं, जुलाब होतात. महिनाभर आधी, लांब पल्ल्याचा सराव नसलेल्या दिवसांत पोटाची परीक्षा घ्या. त्रास झाला तर मात्रा निम्मी करा, तरीही झाला तर नाद सोडा.

झोपेसाठीही हाच नियम: निदान आठवडाभर, रोज दोनदा. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या जाहिरातींना फार भाव देऊ नका. या चेरीत ते ग्रॅमला जेमतेम 13 नॅनोग्रॅम असतं, गोळीत मिलिग्रॅममध्ये.

गाउट (युरिक ॲसिड साठून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी त्यावरची गोळी बंद करून रस सुरू करणं हा शुद्ध वेडेपणा. 2012 च्या 633 रुग्णांच्या अभ्यासात चेरी खाल्लेल्या दिवसांत गाउटच्या झटक्यांचा धोका 35 टक्के कमी दिसला, पण ॲलोप्युरिनॉल ही गाउटची गोळीही चालू असलेल्यांत तो 75 टक्के कमी होता.

मधुमेह असेल तर साखर मोजा: 30 मिलीत ती साधारण चार-पाच चहाचे चमचे भरते, वरून काहीही न घालता.