कार्बोरेटरला हात लावण्याआधी: जुन्या बुलेटवाल्यांनो, या चुका टाळा

साखरप्याहून आंबा घाट चढताना माझी बुलेट अर्ध्या घाटात बंद पडली. अर्धा तास थांबलो, गार झाली, एका किकमध्ये चालू. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा तेच. त्या दुपारी मी रस्त्याच्या कडेला तीन वेळा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलला. तिसऱ्यांदा त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, गवतात पडला आणि तो शोधण्यातच तासभर गेला. दोष होता कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरची जादा ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीचा. कार्बोरेटर बिचारा धडधाकट होता.

ही गाडी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनाची जुनी ३५०: खरे माप ३४६ सीसी, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, पॉइंटचे इग्निशन, म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क. असल्या गाडीवर लांब जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, की बघण्याआधी पान्हा हातात घ्यायचा.

गरम झाली की बंद, गार झाली की चालू, असे होत असेल तर आधी टाकीचे झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजलेय. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. बारीक तारेने भोक मोकळे केले की काम झाले. तसे नसेल तर पॉइंटचे कव्हर काढा, सावलीत उभे राहून कुणाला तरी किक मारायला सांगा. पॉइंटच्या तोंडाशी मोठी, पांढरट निळी ठिणगी सारखी उडत असेल तर कंडेन्सर गेलाय असे समजा. पॉइंट पॉलिश पेपरने घासून दहा मिनिटांचा आराम मिळेल, पण ते पुन्हा जळणार. नवा कंडेन्सर खिशात मावतो, तो सोबत ठेवा.

आणि गरम गाडीची किक अचानक हलकी लागू लागली, कॉम्प्रेशनच उरले नाही असे वाटले, तर मात्र टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायच्या जागेकडे, वळा. पुष्कळांना टॅपेटचा टकटक आवाज सहन होत नाही. मित्र म्हणतो ‘वाजतायत रे’, की लगेच आवळायचे. जास्त आवळलेला व्हॉल्व्ह गरम झाल्यावर सीटवर पूर्ण बसत नाही, गॅस निसटतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच लावायचे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित सैल चालेल. थोडे वाजले तर वाजू द्या. शांत बुलेटपेक्षा वाजणारी बरी.

पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. अंदाजाने नाही, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते (टायमिंग ॲडव्हान्स होते), आणि मग किक उलटी येऊन घोटा सुजतो. नुसती गॅप बदलली आणि टायमिंग तपासलेच नाही, ही चूक शिकलेले मिस्त्रीसुद्धा करतात.

आता ऑइल. पावसाळाभर पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढायची, डिपस्टिक बघायची, ‘अरे, ऑइल गेलं कुठं?’ म्हणून अर्धा लिटर ओतायचे. ऑइल कुठेही गेलेले नसते. झिजलेल्या ऑइल पंपातून ते हळूहळू झिरपून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या पेटीत) साचलेले असते. वरून भरलेत तर गाडी चालू झाल्यावर सगळे ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकले जाते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि मालक पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून सिलिंडर घासून घ्यायला (बोअर करायला) धावतो. पाच-दहा मिनिटे चालवून मगच लेव्हल बघा. किक फारच जड लागत असेल तर आधी खालचा ड्रेन प्लग उघडून साचलेले काढून टाका. इंजिनाचे ऑइल बदलताना गिअरबॉक्स आणि क्लचकेसचे वेगळे असते, हेही विसरू नका. मात्र क्लचकेस गळ्यापर्यंत भरलात तर क्लच स्लिप होईल.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालच्या, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवा. हल्लीचे इथेनॉलवाले पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळी बोटांनी दाबून पाहा, भेगा दिसल्या की बदला.

चेन तपासताना चाक फिरवून तिची सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिचा ढिलेपणा तिथे मोजा, सैल जागी नव्हे. चेनलॉकच्या (चेनची टोके जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवे. घाट उतरताना ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत. ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा.

शेवटची चूक निघण्याच्या आदल्या दिवशीची. शनिवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये सगळी गाडी खोलायची आणि रविवारी पहाटे पाचला रत्नागिरी गाठायला निघायचे. जे काम कराल ते आठवडाभर आधी करा आणि शंभर-एक किलोमीटर गावातच मारून घ्या. या गाडीची थरथर नट ढिले करते, तेव्हा पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळून बघा, फक्त ॲल्युमिनियमच्या आट्यांवर दम काढू नका. क्लचची नवी केबल मात्र पिशवीत ठेवायची नसते. जुन्या केबलच्या शेजारून ती ओवून, दोन्ही टोके टेपने बांधून ठेवायची. घाटात, पावसात, टाकी न काढता टोके बदलली की पाच मिनिटांत गाडी हलते.