संपादकीय विभागातून व्यवस्थापनाकडे जाताना : कॅथरिन ग्रॅहम यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात काही वर्षे काम केल्यावर माझी व्यवस्थापनाकडे बदली झाली. पहिल्याच अंदाजपत्रकाच्या बैठकीत ताळेबंद समोर आला. त्यातले निम्मे रकाने मला उमगले नाहीत आणि विचारण्याचा धीरही झाला नाही. त्याच सुमारास कॅथरिन ग्रॅहम यांचे आत्मचरित्र हाती आले. अमेरिकेतील ‘वॉशिंग्टन पोस्ट’ चालवणाऱ्या या बाईंनाही सुरुवातीला हीच भीती वाटत होती, हे वाचून मी अभ्यासाला लागले. बातमीदारीतून व्यवस्थापनात येणाऱ्या प्रत्येकाने त्यांची कारकीर्द हिशेबाच्या बाजूनेही वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यांचे वडील यूजीन मेयर यांनी १९३३ मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात ८,२५,००० डॉलरला ‘पोस्ट’ घेतले. कॅथरिन १९३९ मध्ये आठवड्याला २५ डॉलर पगारावर तेथे वाचकांच्या पत्रांचे काम पाहू लागल्या. पुढे मालकी सोपवताना वडिलांनी मतदानाचा हक्क असलेले ३,५०० समभाग जावई फिलिप ग्रॅहम यांना दिले आणि १,५०० मुलीला; पतीला पत्नीच्या हाताखाली काम करावे लागू नये, हा विचार त्या वेळी खुद्द कॅथरिन यांनाही खटकला नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये फिलिप यांनी आयुष्य संपवले आणि वयाच्या ४६ व्या वर्षी कंपनीची सूत्रे कॅथरिन यांच्याकडे आली.

जून १९७१ चा आठवडा मी नवोदितांना तारखा मांडून अभ्यासायला सांगते. व्हिएतनाम युद्धाविषयीची गोपनीय कागदपत्रे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जूनपासून छापायला घेतली. १५ जूनला न्यायालयाने त्यांना मनाई केली आणि नेमके त्याच दिवशी ‘पोस्ट’ कंपनीचे समभाग २६ डॉलर दराने प्रथमच बाजारात आले. १७ जूनच्या रात्री घरी निरोपसमारंभ चालू असताना, छापायचे की थांबायचे, हा प्रश्न दूरध्वनीवरून त्यांच्यापुढे आला. वकील थांबण्याच्या बाजूचे होते. फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यास कंपनीच्या दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने गेले असते आणि समभागविक्रीही धोक्यात आली असती. तरीही त्यांनी छापण्याची परवानगी दिली. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. मला त्या होकाराचे खरे मोल परवान्यांचा आणि भांडवलाचा हिशेब समजल्यावरच कळले.

वॉटरगेटच्या, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत गेलेल्या राजकीय प्रकरणाच्या, बातम्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच नोंदवते की त्या काळात फ्लोरिडातील केंद्रांच्या परवान्यांना आव्हान दिले गेले आणि समभागाची किंमत निम्म्याहून खाली आली.

हिशेब त्या उशिरा, पण मनापासून शिकल्या. गुंतवणूकदार वॉरेन बफे १९७४ मध्ये संचालक मंडळावर आले. ते इतर कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचे गठ्ठे आणून एकेक त्यांना समजावून सांगत. मीही तसेच केले. लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे आठवड्यातून एकदा बसून कागदाचा खर्च, जाहिरातींचे उत्पन्न आणि परत आलेल्या अंकांचे आकडे यांचा परस्परसंबंध समजून घेतला, आणि न समजलेले तेथेच विचारण्याची सवय लावून घेतली.

१ ऑक्टोबर १९७५ च्या पहाटे छपाई कामगारांनी यंत्रांची मोडतोड करून संप पुकारला. त्या संपाच्या न्याय्यतेविषयी मतभेद आहेत आणि ते वाचलेच पाहिजेत. माझे लक्ष मात्र वेधले ते वेगळ्याच गोष्टीने : पाने हेलिकॉप्टरने बाहेरच्या छापखान्यांकडे धाडली जात असताना कॅथरिन स्वतः छोट्या जाहिराती उतरवून घेत आणि रविवारचे अंक बांधायला बसत. ते वाचून मी महिनाभर रात्री छापखान्यात थांबले. शेवटचे पान पंधरा मिनिटे उशिरा सुटले तर वितरणाच्या कोणत्या गाड्या चुकतात, हे तेथे कळले, आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत वितरणाच्या रकान्यावर पहिला प्रश्न मी विचारला.